जुन्या पिकपचें एंजिन कसें ओळखावें?

सात-बारा पाहिल्यावांचून जमीन घेऊं नये, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. परंतु गोठ्याशेजारीं उभ्या असलेल्या वडिलांच्या गाडीविषयीं हा विवेक आपण पाळीत नाहीं. अंथुर्णे येथील एका बागाइतदारांनीं जुनी फार्गो पिकप दुरुस्तीस काढली. हेडचें गॅसकेट मागविलें, तें दोन इंच आंखूड निघालें. पैसे गेले, आणि उघडें एंजिन पावसाळाभर तसेंच पडून राहिलें.

जवळच्या वालचंदनगरचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत क्रायस्लरच्या डॉज, फार्गो वगैरे गाड्या तयार होत. या गाड्यांचें सहा सिलिंडरांचें पेट्रोल एंजिन दिसण्यांत सारखेंच. पण त्याच्या जाती दोन.

पहिली परीक्षा मोजपट्टीची. हेड टोकापासून टोकापर्यंत मोजावें. सुमारें २३ इंच भरल्यास लहान जात, २५ भरल्यास मोठी. एकीचें गॅसकेट दुसरीस चालत नाहीं.

दुसरी परीक्षा क्रमांकाची. डाव्या बाजूस डायनामोच्या वर, हेडच्या लगत खालीं, ब्लॉकवर सपाट जागा असते. ती घासलेटानें धुवावी. कानस लावूं नये. आरंभीं ‘टी’ अक्षर असल्यास एंजिन लॉरीचें समजावें.

तिसरी परीक्षा सळईची. लहान जातींत २१८ व २३० घन इंचांचीं एंजिनें एकाच ३¼ इंच बोअरचीं आहेत. सर्व प्लग काढावे, मागील सहाव्या सिलिंडरवरील डाट काढून लांब सळई उभी धरावी व एंजिन हातानें सावकाश फिरवावें. सळई ४⅜ इंच चढली तर २१८, ४⅝ चढली तर २३०.

प्लगच नसून प्रत्येक सिलिंडरास जाड पोलादी नळी जात असेल, तर मागाहून डिझेल एंजिन बसविलें आहे.

शेवटीं क्रमांक नोंदणी-पुस्तकाशीं ताडून पाहावा. न नोंदविलेलें एंजिन म्हणजे फेरफाराविना झालेली खरेदीच होय. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांवरील गाड्यांस ‘विंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी दिली. मात्र एंजिनांत वा सांगाड्यांत मोठा बदल झालेला नसावा, व अशा गाडीनें व्यापारी वाहतूक करतां येत नाहीं. म्हणून भंगारवाल्यास मूळ एंजिन देण्यापूर्वीं मोजपट्टी हातीं घ्यावी. एकदां वितळलेलें लोखंड कोणत्याही अर्जानें परत मिळत नाहीं.