बैठे काम, शरीरस्थिती आणि पिलाटिस पद्धती

‘ताठ बस, पोक काढू नकोस’ ही मराठी घरांतून आणि शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली जाणारी आज्ञा होय. या आज्ञेत एक गृहीत दडलेले आहे. शरीराची स्थिती ही इच्छेची बाब आहे, मनात आणले की माणूस ताठ बसेल, असे ती मानते. दिवसभर मेजाशी बसून वाचन, लेखन वा संगणकावरील काम करणाऱ्याचा अनुभव मात्र निराळा असतो. तो निश्चयाने ताठ बसतो, आणि लक्ष कामात गुंतताच काही मिनिटांत पूर्ववत वाकतो. याचे कारण आळस नव्हे. ते शरीररचनेत शोधावे लागते. पिलाटिस या व्यायामपद्धतीचा उपयोग कोणता व किती, हेही त्यावरूनच ठरते.

उभ्या माणसाचा कणा बाजूने पाहिल्यास मानेपाशी व कमरेपाशी आत वळलेला आणि छातीमागे बाहेर आलेला दिसतो. खुर्चीवर बसताना मांड्या धडाशी जवळजवळ काटकोन करतात. त्यामुळे मांडीमागील व नितंबांचे स्नायू ताणले जातात, श्रोणी मागे कलते आणि कमरेचा बाक सपाट होतो. अमेरिकी शल्यविशारद जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने हा बदल दाखवून दिला होता. कमर सपाट झाली की पाठ गोलावते, खांदे पुढे येतात आणि समोरचे पाहण्यासाठी मान पुढे काढावी लागते. सारांश, पोक ही पाठीतून नव्हे, तर बहुधा श्रोणीपासून सुरू होते. खांदे मागे ओढून ती जात नाही, याचे कारण हेच.

मग ताठ बसणे हाच उपाय काय? येथे सावधपणे विचार केला पाहिजे. बसल्याने मणक्यांमधील चकत्यांवर उभे राहण्यापेक्षा अधिक दाब पडतो, असे स्वीडिश संशोधक आल्फ नाखेमसन यांच्या १९६० नंतरच्या दशकातील मोजमापांवरून मानले गेले. पुढे १९९९ मध्ये हान्स-योआखिम विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका व्यक्तीवर केलेल्या मोजमापात, सैल बसलेल्या अवस्थेतील दाब उभ्या अवस्थेपेक्षा किंचित कमीच आढळला. तेव्हा सैल बसणे हेच घातक, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. अडचण एखाद्या विशिष्ट आकृतीची नसून, तीच एक आकृती तासन्‌तास न बदलता धरून ठेवण्याची आहे.

या प्रश्नाचा विचार पिलाटिस पद्धती निराळ्या दिशेने करते. तिचा प्रवर्तक योझेफ पिलाटिस हा १८८३ मध्ये जर्मनीतील म्योन्‌शनग्लाडबाख येथे जन्मला. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून तो इंग्लंडमध्ये स्थानबद्ध होता. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने न्यूयॉर्क येथे व्यायामशाळा चालवली; १९६७ मध्ये त्याचे निधन झाले. आपल्या पद्धतीला त्याने स्वतः दिलेले नाव ‘कंट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे होते. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवर करावयाचे ३४ व्यायाम आहेत. प्रवर्तकाचे आडनावच पद्धतीचे नाव म्हणून रूढ झाले असले, तरी मूळ नावातच तिचा गाभा सांगितला आहे. येथे भर बळावर नसून नियंत्रणावर आहे.

हे नियंत्रण तीन प्रकारे साधते. पहिला प्रकार श्वासाचा. ‘हंड्रेड’ या व्यायामात उताणे पडून, डोके व पाय उचलून हात वरखाली हलवतात. पाच ठोक्यांत श्वास घेणे व पाच ठोक्यांत सोडणे, अशी दहा आवर्तने होतात. नवशिक्याने डोके जमिनीवर व गुडघे वाकवलेले ठेवावेत. दुसरा प्रकार पोटाचे खोल स्नायू व मणक्यांना लगटून असलेले लहान स्नायू यांना कामास लावण्याचा. हात-पाय हलत असताना श्रोणी स्थिर ठेवण्याची सवय त्यातून लागते. तिसरा प्रकार कण्याच्या हालचालीचा. ‘रोल-अप’मध्ये उताण्या स्थितीतून एकेक मणका जमिनीवरून सोडवीत उठतात, तर पालथे पडून छाती उचलण्याचे व्यायाम मेजाशी येणाऱ्या वाकाच्या नेमक्या उलट दिशेचे असतात. या अभ्यासाने आपली श्रोणी कशी कलली आहे, हे न पाहता जाणवू लागते. ‘ताठ बस’ ही आज्ञा पाळण्यास जी जाणीव लागते, ती आज्ञेने येत नाही, सरावाने येते.

तथापि या पद्धतीविषयी अवास्तव अपेक्षा बाळगू नये. कंबरदुखीसंबंधी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत १० चाचण्यांचा व ५१० रुग्णांचा विचार केला आहे. जुजबी उपचारांपेक्षा पिलाटिसने वेदना व असमर्थता अधिक कमी होते, असे तीत आढळले. परंतु पुरावा अल्प ते मध्यम दर्जाचा होता, आणि इतर व्यायामप्रकारांपेक्षा ही पद्धती श्रेष्ठ असल्याचे निश्चित झाले नाही. शिवाय २००० साली न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने ‘पिलाटिस’ हे व्यायामपद्धतीचे सामान्यनाम ठरवले. हे नाव कोणासही वापरता येत असल्याने, शिक्षकाची तयारी पारखूनच घ्यावी. अस्थींचा ठिसूळपणा असलेल्यांनी पाठ गोलावण्याचे व्यायाम वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत.

आठवड्यातील दोन-तीन तासांचा सराव उरलेल्या दिवसांच्या निश्चलतेची भरपाई करील, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाबरोबरच बसण्याचा काळ कमी करण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणून सरावात कमावलेली जाणीव खुर्चीवर आणली पाहिजे. अधूनमधून श्रोणी सावकाश पुढेमागे कलवणे, बरगड्या रुंदावतील असा श्वास घेणे, आणि वेदना सुरू होण्याची वाट न पाहता उठणे, एवढे प्रत्येकास शक्य आहे.

मराठीत ‘बैठक’ या शब्दाने आसनही सांगितले जाते आणि जोर-बैठकांतील खाली बसून पुन्हा उठण्याची क्रियाही. बैठे काम करणाऱ्याच्या दिवसातून यांपैकी दुसरा अर्थ नाहीसा झाला आहे. पिलाटिस असो वा अन्य व्यायाम, बसण्यात हालचाल परत आणणे हेच त्याचे खरे कार्य होय.