जुन्या संगणकावर लिनक्स: घोडे अडते ते पहिल्याच पायरीवर

चोर्ला घाट चढून गोव्याची हद्द ओलांडली की काही वेळातच कणकुंबी लागते. मलप्रभेचे हे उगमस्थान मुसळधार पावसासाठी ओळखले जाते. अशा गावात संगणक बंद पडला, तर दुरुस्तीसाठी खानापूर, बेळगाव किंवा घाट उतरून साखळी गाठावी लागते. सत्तरीतील आडगावांची स्थितीही फारशी वेगळी नाही. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे, हे संगणक वापरणाऱ्यालाच कळणे अगत्याचे ठरते.

या प्रश्नाला सध्या विशेष महत्त्व आले आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ चे निकष अनेक जुने संगणक पूर्ण करू शकत नाहीत. अशा यंत्रांना लिनक्स ही मोफत प्रणाली नवे आयुष्य देऊ शकते. गोव्याला हा मार्ग नवा नाही. या शतकाच्या आरंभी ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ या उपक्रमातून परदेशातील वापरलेले संगणक येथील शाळांत आले आणि लिनक्सवर चालू लागले.

मात्र लिनक्स बसवताना घोडे बहुधा ‘बूट लोडर’पाशी अडते. वीज सुरू होताच संगणकातील मूळ आज्ञावली हार्ड डिस्कवर एक छोटा प्रोग्रॅम शोधते आणि तो मुख्य प्रणालीला जागे करतो. लिनक्समध्ये हे काम बहुतेक वेळा ‘ग्रब’ करतो. जुन्या ‘बायोस’ पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटच्या कप्प्यात त्याचा आरंभीचा अंश असतो. त्यातही प्रोग्रॅमच्या वाट्याला जेमतेम ४४६ बाइट येतात. नव्या ‘यूईएफआय’ पद्धतीत त्यासाठी डिस्कवर स्वतंत्र विभाग राखलेला असतो.

बहुतांश गोंधळ या दोन पद्धतींच्या सरमिसळीतून होतो. विंडोज एका पद्धतीने आणि लिनक्स दुसऱ्या पद्धतीने बसवले, तर दोन्ही प्रणाली एकाच यादीत दिसत नाहीत. संगणक सुरू करताना येणाऱ्या बूट यादीत एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोन नावांनी दिसतो. त्यांपैकी एका नावाआधी ‘यूईएफआय’ असे लिहिलेले असते. विंडोज ज्या पद्धतीने बसवले आहे, तीच येथे निवडावी.

लक्षणांवरूनही दोष ओळखता येतो. पेनड्राइव्ह काढताच लिनक्स सुरू होत नसेल, तर बूट लोडर चुकून पेनड्राइव्हवरच बसला असण्याची शक्यता मोठी. पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे उमटली, तर ग्रबचा पहिला अंश सापडला, पण उर्वरित फायली सापडल्या नाहीत. डिस्कचे विभाग पुसले वा बदलले की असे होते. यादीतून विंडोज गायब असेल, तर ते नष्ट झाले असे समजू नये. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणालींचा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फायलीत तो सुरू करून यादी नव्याने तयार करावी लागते. आणि प्रत्येक वेळी घड्याळ मागे पडून बूटचा क्रम बदलत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी बदलावी. जुन्या यंत्रांत हा दोष हमखास आढळतो.

दुरुस्तीसाठी प्रणाली पुन्हा बसवण्याची गरज सहसा नसते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, योग्य त्याच पद्धतीने, ‘लाइव्ह’ स्वरूपात संगणक सुरू करावा. लिनक्स मिंटमध्ये ‘बूट रिपेअर’ हे साधन तयारच असते. हाताने दुरुस्ती करायची असल्यास डिस्कवरील लिनक्सचा विभाग जोडून घ्यावा, यूईएफआय असेल तर त्याचा राखीव विभागही जोडावा, त्या प्रणालीत प्रवेश करून ग्रब पुन्हा बसवावा आणि शेवटी यादी अद्ययावत करावी. बायोस पद्धतीत ग्रबसाठी एखादा विभाग नव्हे, तर संपूर्ण डिस्क निवडायची असते. या ठिकाणी चूक फार होते.

या साऱ्याआधी तीन गोष्टी कराव्यात. छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे आणि ‘बिटलॉकर’ वापरात असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. तसेच बॅटरीचा आधार नसलेल्या संगणकावर वीज जाण्याची शक्यता असताना हे काम हाती घेऊ नये; ग्रब बसत असताना वीज गेली, तर तो अर्धवट राहू शकतो.

बूट लोडर बिघडला म्हणजे माहिती गेली, असा समज करून घेत अनेकजण घाईने संपूर्ण डिस्क पुसतात आणि खरे नुकसान तेव्हाच होते. काळ्या पडद्यामागे वर्षानुवर्षांचे कागद व छायाचित्रे बहुधा सुरक्षित असतात. तिथवर पोहोचण्याची वाट तेवढी हरवलेली असते.