गोचीड उपटली, गाठ राहिली : ती कॅन्सरची असते का?

माहूरच्या डोंगराळ जंगलपट्ट्यात गुरं राखणाऱ्यांना गोचीड नवी नाही. काखेत, जांघेत, कानामागे चिकटलेली गोचीड चिमटीत धरून उपटली की कधी कधी तिचं तोंड कातडीतच अडकून राहतं. त्या जागी लालसर, टणक गाठ उठते आणि महिनोन्‌महिने बसत नाही. तपासणीत तिथे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी आढळते. कातडीच्या लिम्फोमातही, म्हणजे याच पेशींच्या कॅन्सरमध्ये, अशीच दाटी असते. म्हणून या साध्या आजाराला ‘स्यूडोलिम्फोमा’, म्हणजे खोटा लिम्फोमा, म्हणतात.

गैरसमज : न बसणारी गाठ म्हणजे कॅन्सरच.

वस्तुस्थिती : गोचिडीखेरीज कीटकांचा दंश, टॅटूतली लाल शाई, फिटवरचं फेनिटॉइनसारखं औषध यांनीही अशी गाठ येते. खरूज बरी झाल्यावर जांघेत मागे राहणाऱ्या खाजऱ्या गाठीही याच घरातल्या.

गैरसमज : तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.

वस्तुस्थिती : या तपासणीने तो पसरत नाही. जागा बधिर करून साधारण चार मिलिमीटरचा तुकडा काही मिनिटांत काढतात. तो पुरेसा खोल असावा लागतो; वरवर खरवडलेल्या कातडीवरून निदान चुकू शकतं.

गैरसमज : मलमाने बसली, म्हणजे साधीच होती.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक समज. फ्रेंच डॉक्टर अलिबेर यांनी 1806 मध्ये वर्णन केलेला ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हा कातडीचा लिम्फोमाही स्टेरॉइडच्या मलमाने तात्पुरता दबतो आणि पुन्हा उठतो. सावळ्या कातडीवर, विशेषतः तरुणांत, तो फिकट चट्ट्यांच्या रूपात येतो आणि कुष्ठरोगाचा भास होतो. मेडिकलमधून परस्पर आणलेलं मलम चट्टा पुसट करतं, तसंच तुकड्यातल्या खुणाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली, ती अशा मनमानी वापराला आळा घालण्यासाठीच. तुकडा काढण्यापूर्वी मलम किती दिवस थांबवायचं, हे डॉक्टर सांगतात.

गैरसमज : एका रिपोर्टवर निकाल लागतो.

वस्तुस्थिती : पेशी बी प्रकारच्या की टी, हे विशेष रंगचाचण्यांनी कळतं. स्यूडोलिम्फोमात बहुधा दोन्हींची सरमिसळ असते. सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या आहेत का, हे जनुक-चाचणी सांगते. पण तसा वंश कधी कधी निरुपद्रवी गाठीतही सापडतो. म्हणून रुग्णाची हकीकत, गाठीचं रूप आणि तुकडा हे सगळं एकत्र जुळवावं लागतं.

गैरसमज : कॅन्सर नाही, मग उपचार कशाला?

वस्तुस्थिती : कातडीत राहिलेलं गोचिडीचं तोंड काढावं लागतं. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम किंवा गाठीत ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन पुष्कळदा पुरतं. काही गाठी आपोआप जिरतात. औषधाचा संशय असेल तर डॉक्टर ते बदलून देतात. फिटची गोळी स्वतःहून बंद करणं जिवावर बेतू शकतं. काही मोजक्या रुग्णांत पुढे लिम्फोमा निघालेला आहे, त्यामुळे निदानानंतरही तपासणीला जात राहावं लागतं.

माहूर परिसरातल्या रुग्णांसाठी नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, लावलेल्या मलमांच्या ट्यूब आणि गाठीचे जुने फोटो सोबत न्यावेत. गाठ वाढत असेल, त्यावर जखम झाली असेल, ताप हटत नसेल किंवा वजन घटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावं.