एका रात्रीत बांधलेली अणुभट्टी

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधन व विकासासाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली, २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या निदान पाच भट्ट्या चालू करण्याचा संकल्प सोडला गेला, आणि तेव्हापासून वाचकांची एकच पृच्छा वरचेवर कानी येते: ही वीज युनिटला कितीला पडणार? प्रश्न रास्त आहे. परंतु या विषयात जो जितका अधिक जाणकार तो तितका उत्तर देण्यास कचरतो, आणि जो कचरत नाही तो बहुधा काहीतरी विकावयास आलेला असतो.

या कचरण्याची मर्मग्राही मीमांसा ज्याने फार पूर्वी करून ठेवली तो कोणी अर्थशास्त्रज्ञ नव्हता; तो होता अमेरिकी नौदलातील हायमन रिकओव्हर नावाचा एक तिरसट, शिस्तखोर अधिकारी. 'नॉटिलस' ही जगातील पहिली अणुपाणबुडी ज्याच्या धाकाखाली आकाराला आली, त्या रिकओव्हरने ५ जून १९५३ रोजी एक टिपण लिहिले आणि त्यात अणुभट्ट्यांच्या दोन जाती सांगितल्या. एक विद्वानांच्या कागदावरची, जी सदैव साधी, लहान, हलकी, स्वस्त आणि झटपट उभी राहणारी असते. दुसरी प्रत्यक्ष बांधली जाणारी, जी अवजड, गुंतागुंतीची, खर्चाने फुगलेली आणि मुदत उलटून गेलेली असते. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते, प्रत्यक्षातली चूक मात्र गळ्यात बांधून चारचौघांत हिंडावे लागते, असेही त्याने बजावले. पुढच्याच वर्षी अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी, भावी पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावण्याचे प्रयोजनच उरणार नाही, असे भाकीत केले. स्ट्रॉस हे पूर्वाश्रमीचे पेढीवरचे गृहस्थ. जगाने लक्षात ठेवले ते त्यांचे वाक्य, मग ते थट्टेपुरते का होईना. रिकओव्हर मात्र पाणबुड्यांचा सेनानी म्हणूनच ओळखला जातो. त्याचे टिपण विरोधकाचे होते असेही नव्हे, कारण डिसेंबर १९५७ मध्ये वीज देऊ लागलेले शिपिंगपोर्टचे केंद्र त्यानेच उभारले, आणि तेथील वीज कोळशाच्या विजेहून कितीतरी महाग पडली हेही त्यानेच पाहिले.

अंदाजपत्रके तयार करणारे अभियंते आजही एक सोयीची रीत पाळतात. केंद्र जणू एका रात्रीत उभे राहिले असे समजून सिमेंट, पोलाद, यंत्रे आणि मजुरी यांची बेरीज करावयाची, व्याज हिशेबात धरावयाचे नाही. निरनिराळ्या रचनांची तुलना करण्यापुरती ही रीत निर्दोष आहे, यात शंका नाही. कोकणातल्या कित्येक देवळांविषयी, ती पांडवांनी एका रात्रीत बांधावयास घेतली आणि कोंबडा आरवल्यामुळे कळस तेवढा राहून गेला, असे गावकरी सांगतात. अंदाजपत्रकातले अणुकेंद्र याच जातीचे बांधकाम होय. फरक इतकाच, की पांडवांनी कर्ज काढले नव्हते. समजा, बांधकामाला शंभर रुपये लागतात, ते दरवर्षी समान हप्त्याने खर्च होतात आणि भांडवलावर दहा टक्के व्याज चढते. तर पाच वर्षांत काम संपल्यास शिरावर सुमारे १२८ रुपयांचा बोजा राहील, पंधरा वर्षे लागल्यास सुमारे २२२ रुपयांचा. सिमेंटची एक गोणी अधिक लागली नाही, मजुरीत पैचीही वाढ झाली नाही, तरी खर्च दुपटीपलीकडे गेला.

आणि पंधरा वर्षे ही अतिशयोक्ती नव्हे. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओल्किलुओटो येथील तिसऱ्या भट्टीचे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले, २००९ मध्ये वीज मिळावयाची होती, ती नियमितपणे मिळू लागली एप्रिल २०२३ मध्ये. आरंभीच पायाच्या काँक्रीटमध्ये पाण्याचे प्रमाण ठरल्यापेक्षा अधिक निघाले. मग इमारतीच्या पोलादी अस्तराचे वेल्डिंग सदोष ठरले. मग मुख्य नळांच्या घडीव पोलादातील कण जाडेभरडे आढळले. हा कणांचा दोष मोठा नमुनेदार आहे. नळ तेवढ्याने फुटेल असे नव्हते. परंतु पोलादाच्या पोटातील बारीक चीर शोधण्यासाठी जो श्राव्यातीत ध्वनी सोडतात तो जाड कणांवर आपटून विखुरतो, चीर असली तरी दिसत नाही, आणि जे तपासता येत नाही ते अणुकेंद्रात बसवता येत नाही. नळ पुन्हा घडवावे लागले. भट्टी २०२२ मध्ये वीजजाळ्याला जोडल्यावरसुद्धा पाणी पुरवणाऱ्या पंपांच्या चक्रांना तडे आढळून काही महिने गेले.

या भट्टीचा मक्ता फ्रान्सच्या अरेवा आणि जर्मनीच्या सीमेन्स या कंपन्यांनी सुमारे ३ अब्ज युरोंना ठोक घेतला होता. प्रत्यक्ष खर्च ११ अब्जांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. मक्तेदार आणि ग्राहक यांचा कज्जा लवादापुढे वर्षानुवर्षे चालला, २०१८ मध्ये मक्तेदारांनी ४५ कोटी युरो भरपाई देऊन मिटला, आणि अरेवाचा भट्ट्यांचा धंदा ईडीएफ या कंपनीच्या हवाली झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरसाठी योजलेल्या सहा भट्ट्या याच रचनेच्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे तेथील भावाची घासाघीस इतकी का लांबते याचा उलगडा होतो.

ठोक मक्त्याची ही कहाणी मात्र नवी नाही. १९६३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने न्यू जर्सीतील ऑयस्टर क्रीकचे केंद्र ठरीव किमतीत बांधून देण्याचे पत्करले, वेस्टिंगहाउसनेही तोच पवित्रा घेतला, दोघींनाही बाजार काबीज करावयाचा होता आणि दोघींनाही जबर खोट खावी लागली. काही वर्षांतच असले मक्ते बंद झाले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा करार १९६४ मधला, त्याच जनरल इलेक्ट्रिकशी आणि त्याच पद्धतीचा, शिवाय वर अमेरिकी सरकारचे सवलतीचे कर्ज. तारापूरच्या स्वस्त विजेचा दाखला देणारे वक्ते हा तपशील सहसा गाळतात.

अनुभवाने हात बसतो आणि खर्च उतरतो, असा सर्वसाधारण नियम. परंतु संशोधक आर्नुल्फ ग्रुबलर यांनी २०१० मध्ये फ्रान्सचे आकडे मांडून दाखवले की तेथे एकामागून एक भट्ट्या बांधताना खर्च उतरण्याऐवजी चढत गेला. दक्षिण कोरियाचा अनुभव उलट आहे. तेथे तीच रचना, तेच बांधणारे हात आणि कामात खंड नाही. प्रत्येक वेळी आराखडा सुधारण्याचा मोह आवरला गेला, आणि खर्च खाली आला.

छोट्या भट्ट्या कारखान्यात घडवून हा मोह कायमचा आवरता येईल, अशी त्यांच्या पुरस्कर्त्यांची आशा आहे. ती खोटी ठरेलच असे मी म्हणत नाही. तूर्त एक दाखला उपलब्ध आहे. अमेरिकेत आयडाहो येथे नूस्केल कंपनीच्या सहा छोट्या भट्ट्या उभारून युटा व आसपासच्या गावांना वीज द्यावयाची होती. मेगावॅट-तासाला ५८ डॉलर सांगितलेला दर जानेवारी २०२३ मध्ये ८९ डॉलरवर गेला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रकल्प गुंडाळण्यात आला. दरवाढीची कारणे म्हणून पोलाद व तांबे यांचे चढलेले भाव आणि वाढलेले व्याजदर पुढे करण्यात आले. भट्टीच्या पायात तोवर काँक्रीटचे एक घमेलेही पडले नव्हते.