सडपातळ फोन घेण्याआधी

साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचे विश्रामबाग, मोबाइलच्या दुकानात सध्या एक कौतुक हमखास ऐकू येते, "किती पातळ आहे बघा!" मे २०२५ मध्ये सॅमसंगचा गॅलॅक्सी एस २५ एज आला, जाडी ५.८ मिलीमीटर. सप्टेंबरमध्ये ॲपलचा आयफोन एअर आला, ५.६ मिलीमीटर. बाजारात आले तेव्हा दोघांचीही किंमत लाखाच्या वर होती. एवढे पैसे मोजण्याआधी या पातळपणाचा शरीराशी काय संबंध आहे, हे पाहायला हवे.

आधी फायदा सांगतो. हे फोन १६३ ते १६५ ग्रॅमचे आहेत. याच कंपन्यांचे सर्वांत मोठे फोन २०० ग्रॅमच्या पुढे जातात. आडवे पडून एका हाताने तासभर फोन धरणाऱ्याच्या मनगटाला हा फरक जाणवतो. मात्र पडदा ६.५ ते ६.७ इंचांचाच आहे. वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचताना अंगठा तितकाच ताणला जातो. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर जाडीपेक्षा रुंदी पाहा आणि दोन्ही हात वापरा.

मानेला तर फोनच्या जाडीने काहीच फरक पडत नाही. आपले डोके साधारण पाच किलोचे. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, मान ६० अंश खाली झुकवली की मणक्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो. फोन हलका असला तर माणूस तो अधिक वेळ हातात ठेवतो, हा धोका वेगळाच. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर साधा उपाय काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मानेला आणि डोळ्यांना अशी विश्रांती कोणताही महागडा फोन देत नाही.

आता बॅटरी. जाडी कमी केली की बॅटरीची जागा कमी होते. एस २५ एजची बॅटरी ३,९०० एमएएच, आयफोन एअरची त्याहून कमी. साध्या अँड्रॉइड फोनमध्येही आज ५,००० सहज मिळते. पाटण, जावळीच्या खोऱ्यात रेंज कमी असली की फोन सिग्नलसाठी जास्त शक्ती खर्च करतो आणि बॅटरी लवकर उतरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकरांनी वीज नसताना चार्जिंगची किंमत अनुभवली आहे. घरात हृदयरुग्ण किंवा गरोदर स्त्री असेल, तर रात्री फोन चालू असणे हे पातळपणापेक्षा महत्त्वाचे. आयफोन एअरमध्ये सिमकार्डाची जागाच नाही, फक्त ई-सिम चालते. फोन बंद पडला तर सिम काढून दुसऱ्या साध्या फोनात घालण्याची सोय राहत नाही.

उष्णतेचेही लक्षात ठेवा. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे कंपनीच सांगते. आपल्याकडे एप्रिलची दुपार त्यापुढे जाते. तापलेला फोन उशीखाली चार्जिंगला लावू नये. पाठ फुगलेली दिसली तर तो वापरणे लगेच थांबवावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा खिशाचा. पातळ फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात छान बसतो, म्हणजे नेमका छातीवर. आयफोन एअरच्या पाठीत चुंबक आहेत; इतर फोनना चुंबकाची कव्हरे मिळतात. पेसमेकरजवळ चुंबक आला की तो तात्पुरता ठरावीक गतीने चालू लागतो. धोक्याच्या वेळी शॉक देणारे यंत्र बसवले असेल, तर त्याचे काम तेवढ्यापुरते थांबू शकते. फोन दूर नेला की यंत्र बहुधा पूर्ववत होते, पण नेमक्या त्याच क्षणी शॉकची गरज पडली तर जीवावर बेतेल. म्हणून अशा रुग्णांनी फोन यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर आणि वायरलेस चार्जिंग सुरू असताना ३० सेंटिमीटर दूर ठेवावा. यंत्राच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा आणि ठेवायचा तो पँटच्या खिशात.

वडिलांना दिवाळीची भेट म्हणून असा फोन देणार असाल, तर त्यांच्या छातीत यंत्र आहे का हे आधी आठवा. असेल तर फोन देतानाच त्यांना हे अंतर समजावून सांगा.