वाडीचे घर आणि मालकाची जमीन : कर्जत-खालापूर भागातील कातकरी कुटुंबांच्या उठवणुकीविरुद्धचा प्रयत्न

एखाद्या इसमास जिल्ह्याबाहेर घालवावयाचे झाल्यास शासनास काही रीत पाळावी लागते. सन १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यान्वये, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमान्वये, हद्दपारीचा हुकूम काढण्यापूर्वी त्या इसमास लेखी नोटीस द्यावी लागते, त्याच्यावरील आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवावे लागते व त्याचा खुलासा ऐकून घ्यावा लागतो. हुकूम झाल्यावरही तीस दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. ही रीत कितपत मनःपूर्वक पाळली जाते हा प्रश्न निराळा; पण निदान कागद असतो, आणि कागद असला की त्याविरुद्ध दाद मागता येते. याउलट एखादे कुटुंब, प्रसंगी अख्खी वाडी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या जागेवरून उठते आणि त्या घटनेस ना हुकूम असतो, ना जावक क्रमांक, ना अपिलाची मुदत, असाही एक प्रकार आहे. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत, खालापूर व सुधागड या तालुक्यांत कातकरी समाजाच्या वाट्याला तो आला आहे. बोलीत त्याला 'उठवणे' असा साधा शब्द आहे. हे उठवणे थांबवण्यासाठी ज्या खटपटी झाल्या, त्यांचे स्वरूप समजून घेतल्यास एक गोष्ट ध्यानात येते : एका कुटुंबाचे घर वाचवण्यासाठी सबंध वाडीला एकत्र यावे लागते, आणि याचे कारण केवळ भावनिक नसून बव्हंशी कायद्याच्या रचनेत आहे.

प्रथम जमिनीविषयी. कर्जत स्थानकास लागून असलेले व आज कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडणारे भिसेगाव घेतले, तरी या भागात काय घडले याची कल्पना येते. सन १८६३ मध्ये भोर घाटातून लोहमार्ग खुला झाला आणि घाटाच्या पायथ्याचे कर्जत मुंबई-पुणे मार्गावरील मोक्याचे ठाणे बनले. तरीही त्यानंतर कितीतरी काळ रुळांपासून थोडे आत गेले की भाताची खाचरे, त्यांच्यावरची वरकस माळराने आणि त्यापलीकडे जंगल असाच देखावा असे. मुंबई लोहमार्गाने येथून सुमारे १०० किलोमीटर. उपनगरी गाड्यांची सोय, नवी मुंबईचा विस्तार आणि सन २००२ मध्ये पूर्ण झालेला, खालापूर तालुक्यातून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, यांमुळे ज्या वरकस जमिनीला पूर्वी गवतापलीकडे मोल नव्हते, तिच्यावर फार्महाऊस व बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. कातकऱ्यांच्या वाड्या नेमक्या याच वरकस जमिनीवर आहेत.

त्या तेथे का वसल्या, याचे उत्तर या जमातीच्या आर्थिक इतिहासात सापडते. खैराच्या लाकडापासून काथ काढणे हा जिचा परंपरागत व्यवसाय, ती कातकरी किंवा काथोडी जमात; नावाचीही हीच व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. सन १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरील निर्बंध कडक होत गेले व काथाचा धंदा कातकऱ्यांच्या हातून सुटत गेला. पुढे लाकूडतोड, कोळशाच्या भट्ट्या आणि शेतमजुरी हीच पोटाची साधने उरली. सन १९३४ मध्ये वेलिंग यांनी कातकऱ्यांवर लिहिलेला समाजशास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध झाला, तोपर्यंत ही जमात बरीचशी जमीनमालकांच्या आश्रयाला आलेली होती. भातशेतीला बांधबंदिस्तीसाठी, लावणी-कापणीसाठी आणि पिकाच्या राखणीसाठी हाताशी मनुष्यबळ लागते. मालकाने आपल्या वरकस जमिनीच्या एका कोपऱ्यात चार-सहा झोपड्या घालू दिल्या, पावसाळ्यात खावटी दिली आणि तिच्या फेडीपोटी मजुरी घेतली. या व्यवहारात लेखी असे काहीच नव्हते. मालकाला मजूर हवे होते व मजुराला निवारा हवा होता. जमिनीला किंमत नसल्यामुळे ती कोणाची, हा प्रश्नच निघत नसे.

कूळकायद्याच्या इतिहासात हा मजूर जवळजवळ अदृश्य आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सन १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ शेतकरी संप झाला. त्या संपामुळे कुळाचा प्रश्न राजकारणाच्या अग्रभागी आला, आणि सन १९३९ व १९४८ चे कूळकायदे हे त्या वातावरणाचे फलित होय. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. परंतु कातकरी बहुधा कूळ नव्हता, तो कुळाचाही मजूर होता. त्याच्या पायाखालची जमीन एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि त्या फेरबदलात त्याची वाडी जमिनीबरोबर, जणू तिच्यावरील एखाद्या झाडाप्रमाणे, हस्तांतरित झाली.

आश्चर्याची गोष्ट अशी की, कायद्याने घराचा विचार केलेला होता. सन १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने घर बांधले असेल, तर त्या घरातून त्याला सहजासहजी काढता येत नाही. कलम १७ नुसार मालक ती जागा विकू इच्छीत असेल, तर विकत घेण्याचा पहिला हक्क घरात राहणाऱ्याचा आहे. पुढे घातलेल्या कलम १७ ब ने तर विहित दिनांकापासून ती जागा त्यानेच खरेदी केली असे मानले आहे, आणि तिची किंमत न्यायाधिकरणाने ठरवावयाची आहे. सर्वांत महत्त्वाचे कलम १८. त्याने ह्या तरतुदी शेतमजूर व कारागीर यांच्या घरांनाही लागू केल्या. कागदावर पाहता कातकरी कुटुंबाला याहून अधिक काय हवे ? आणि तरीही वाड्या उठल्या.

याचे पहिले कारण पुराव्याचे आहे. कातकऱ्याचे जुने घर म्हणजे कारवीचे, शेणामातीने लिंपलेले कूड आणि वर गवताचे छप्पर. ते दरवर्षी शाकारावे लागते व काही वर्षांनी पुन्हा उभारावे लागते. घर पन्नास वर्षांचे असले तरी त्यातील एकही काठी पन्नास वर्षांची नसते. सातबाऱ्यावर त्या जागी मालकाचे नाव व 'गवत' किंवा 'पड' अशी नोंद. घराचा मागमूस नाही. सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. म्हणजे सिद्ध करण्याचा सर्व भार, ज्याच्याजवळ कागद सर्वांत कमी, त्याच्यावरच पडतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. जागेवर हक्क सांगण्याचे दोन मार्ग दिसतात, पण ते परस्परविरुद्ध दिशांना जातात. 'आमच्या आजाला मालकाने शेतावरच्या कामासाठी येथे बसवले' असे म्हटले, तर कूळकायद्याचे संरक्षण मिळू शकते. मात्र त्यात जमीन मालकाची आहे हे मान्य करावे लागते. 'आम्ही कोणाला न विचारता येथे राहत आलो, आमच्या आधी येथे कोणी नव्हते' असे म्हटले, तर बारा वर्षांहून अधिक काळच्या प्रतिकूल कब्जाची भाषा सुरू होते. मात्र परवानगीने असलेला ताबा प्रतिकूल ठरत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वाडीतील दोन कुटुंबांनी दोन दिवशी केली, तर दोन्ही दावे दुबळे होतात. वृद्ध माणसे तर एकाच दमात दोन्ही सांगतात, आणि त्यात खोटे काहीच नसते. आधी जंगल होते, मग मालक आला, मग मालकाने 'राहा' म्हटले. स्मृतीला हे तिन्ही एकत्र धरता येते, अर्जाला येत नाही. म्हणून अर्जापूर्वी वाडीची बैठक भरणे अपरिहार्य होते.

या भागातील प्रयत्नांची पुष्कळशी नोंद डॅनिअल बकल्स व राजीव खेडकर यांच्या सन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कातकऱ्यांच्या विस्थापनविरोधी लढ्यावरील इंग्रजी ग्रंथात मिळते. कर्जत तालुक्यात कशेळे येथे केंद्र असलेल्या अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेचा या कामाशी निकट संबंध आहे. या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, ज्यांच्याविषयी संशोधन करावयाचे ते त्यात केवळ माहिती पुरवणारे राहिले नाहीत. वाड्यांतील लोकांनी आपल्या परिस्थितीची मांडणी स्वतः केली व काय करावयाचे हेही ठरवले. विद्यापीठीय दृष्टीने अशा पद्धतीवर आक्षेप घेता येतील. माहिती देणारा व तिचा लाभार्थी एकच असता तटस्थता कशी राहावी, हा आक्षेप गैरलागू नाही. तथापि जेथे लेखी साधनच उपलब्ध नाही, तेथे राहणाऱ्यांशिवाय साधन कोणते, याचे उत्तर आक्षेपकाने द्यावयास हवे.

पुरावा कशाकशाचा बनतो, हे पाहण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील घराची नोंद व घरपट्टीची पावती, शिधापत्रिका, मतदारयादी, शाळेच्या पटावरील मुलांची नावे, विजेचे बिल, हे झाले कागद. त्यांखेरीज वाडीने लावलेली व आता जुनी झालेली झाडे, पाणवठ्याची वाट, वेशीवरचे देवाचे दगड, शेजारच्या गावातील म्हाताऱ्यांची साक्ष. एकेका कुटुंबाजवळ यांतील एखाददुसरीच गोष्ट असते. कोणाची शिधापत्रिका भट्टीवर हरवलेली, कोणाचे नाव यादीत चुकलेले, कोणाच्या मुलाने शाळेचे तोंड न पाहिलेले. सबंध वाडीचे कागद एकत्र मांडले की मात्र साखळी जुळू लागते. एकाच्या पटनोंदीने दुसऱ्याच्या राहण्याचा काळ ठरतो. झाड तर कोणा एकाचे नसतेच.

आणि काळ नेहमी प्रतिकूल असतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर अथवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. उचल घेतलेली असल्याने मध्येच येता येत नाही. कोर्टकचेरीची कामे, स्थळपाहणी, पंचनामे हे सर्व सोयीनुसार उघडिपीच्या दिवसांत चालते. त्या वेळी वाडीत म्हातारी माणसे व कुलूपही नसलेली दारे एवढेच असते. पंचनाम्यात 'घर रिकामे आढळले' असे वाक्य पडले की ते पुसणे कठीण. ज्या वाड्यांत कोणी ना कोणी मागे राहील अशी आपापसांत वाटणी केली जाते, तेथे हा धोका कमी होतो. मात्र मागे राहणाऱ्याची मजुरी बुडते, आणि ती भरून काढण्याची जबाबदारीही वाडीनेच उचलावी लागते.

उठवणूक बहुधा मारहाणीने होत नाही. जमीन नव्या मालकाकडे गेली की प्रथम काटेरी तारेचे कुंपण येते. मग छप्पर शाकारण्यास किंवा पडकी भिंत उभारण्यास हरकत घेतली जाते. मग पाण्याकडे जाणारी वाट अडते. एकेक कुटुंब कंटाळून नातलगांच्या वाडीत निघून जाते, आणि ते स्वेच्छेने गेले असे म्हणण्यास कोणीही मोकळा राहतो. सन १९८९ च्या अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जमिनीतून वा जागेतून गैररीतीने बेदखल करणे एवढेच नव्हे, तर जमीन, जागा किंवा पाणी यांवरील हक्कांच्या उपभोगात अडथळा आणणे हाही गुन्हा ठरवला आहे. कुंपणाच्या बाबतीत ही तरतूद नेमकी लागू पडण्याजोगी आहे. परंतु येथेही 'हक्क' आधी दाखवावा लागतो, व गाडी पुन्हा सातबाऱ्यापाशी येऊन थांबते.

मालकांची बाजूही एकरंगी नाही. जुना मालक पुष्कळदा स्वतः दोन-तीन एकरांचा शेतकरी असतो, त्याचे वाडीशी तीन पिढ्यांचे येणेजाणे असते, आणि वाडीखालचे काही गुंठे सोडून द्यावयास तो राजी होऊ शकतो, विशेषतः उरलेल्या जमिनीची विक्री त्यामुळे निर्वेध होत असेल तर. व्यवहार एकदा शहरातील खरेदीदाराशी झाला की हे येणेजाणे संपते. म्हणून विक्रीची नुसती बोलणी कानावर येताच वाडीने हालचाल केली तरच कलम १७ चा पहिला हक्क उपयोगी पडतो. मोजणीदार साखळी घेऊन उभा राहिल्यावर तो हक्क पुस्तकातच असतो.

यांखेरीज एक वेगळा मार्ग आहे. महसूल संहितेच्या कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यास गावठाणाच्या सीमा ठरवता व बदलता येतात. वाडी गावठाण म्हणून मान्य झाली की प्रत्येक कुटुंबाने आपापले घर सिद्ध करीत बसण्याची आवश्यकता बरीच कमी होते. जमीन खाजगी असेल तर ती आधी संपादन करावी लागते किंवा मालकाची संमती मिळवावी लागते, त्यामुळे हा मार्ग दीर्घ आहे. पण येथे अर्जदार व्यक्ती नसून वस्ती असते.

महाराष्ट्रातील कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे कातकरी ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून मान्य केलेली आदिम जमात आहे. सन २०११ च्या जनगणनेत तिची राज्यातील संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. अशा जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने पंतप्रधान जनमन योजना सुरू केली व तीत पक्क्या घरकुलांची तरतूद केली. घरकुल बांधावयाचे तर जागा लागते. मंजुरीच्या यादीत नाव लागलेल्या कुटुंबाला जागेचा कागद विचारला जातो, आणि ज्या वाडीने आपले कागद आधीच जुळवून ठेवले आहेत तिचे लोक त्या दिवशी तहसील कचेरीत पिशवी घेऊन जातात. बाकीच्या वाड्यांत अजून बैठक भरावयाची आहे.