पालघरचा मोर्चा आणि तलवाड्याची अफवा

अहिंसा आणि जागतिक शांतता या विषयावर लिहायला बसले की लेखणी आपोआप बुद्ध, महावीर, गांधी या रुळलेल्या वाटेने चालू लागते. ती वाट चुकीची आहे असे नाही; पण तिच्यावरून जाताना माणसे दिसत नाहीत, पुतळे दिसतात. मी मासवणचा. पालघरहून मनोरकडे निघाले, वाघोबा खिंड उतरली की सूर्या नदीच्या काठचे आमचे गाव येते. म्हणून या प्रश्नाचा शोध घरापासून तासाभराच्या टापूत घ्यायचे मी ठरवले. अहिंसेचे यश आणि तिची मर्यादा, दोन्हींची साक्ष इथे मिळते.

पहिली साक्ष १४ ऑगस्ट १९४२ची. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. म्हणजे पुढच्या आठवड्यात गावोगावी जे घडले, ते सांगायला वरचे कोणी बाहेर नव्हते. पालघरला लोक कचेरीवर मोर्चा घेऊन गेले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तिवारी, मुरबेचे रामचंद्र चुरी आणि सालवडचे सुकुर मोरे असे पाच जण गेले. आडनावे पाहिली तरी कळते की हा एका जातीचा किंवा एका गावाचा मोर्चा नव्हता. कोळीवाड्यातला, वाडीतला आणि बाजारपेठेतला माणूस एकाच रस्त्यावर आला होता.

दोनच दिवसांनी, १६ ऑगस्टला, विदर्भात चिमूर आणि आष्टीला गोळीबारानंतर जमाव खवळला आणि त्याने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. त्या जमावाला दोष देणे आज खुर्चीत बसून सोपे आहे. मला ते करायचे नाही. पण पुढे काय झाले ते पाहावे. सरकारला सूड घ्यायला निमित्त मिळाले, चिमुरात लष्कर शिरले, आणि त्या अत्याचारांची झळ सर्वांत जास्त बायकांना लागली. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. बंदुकीने सुरू झालेला तो गुंता सोडवायला शेवटी एका उपाशी माणसाला पुढे यावे लागले, हे मला महत्त्वाचे वाटते.

अहिंसा म्हणजे मार खाणे, असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तो खोडायला आमच्या जिल्ह्यातली दुसरी साक्ष उपयोगी पडते, आणि गंमत अशी की ती गांधीवाद्यांची नाही, कम्युनिस्टांची आहे. २३ मे १९४५ रोजी झरी गावात किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. वेठबिगार आणि लग्नगडी या दोन प्रथांनी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे कर्ज घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे, याला लग्नगडी म्हणत. झरीला शपथ घेतली गेली ती साधी होती: वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही. कुणाला मारायचे, कुणाचे घर जाळायचे, असे त्या शपथेत काही नव्हते.

शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी अहिंसेचे व्रत घेतले होते असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांनी वारल्यांच्या हाती दिलेले हत्यार नकाराचेच होते. जमीनदाराची सत्ता त्याच्या चाबकात नसून आपल्या राबण्यात आहे, आपण हात आखडता घेतला की त्याचे शेत पडून राहते, हे त्या माणसांना उमगले. अहिंसक प्रतिकाराची सगळी यंत्रणा या एका वाक्यात आली. पुढे जीन शार्प या अमेरिकन अभ्यासकाने हाच विचार तीन खंडांत मांडला. झरीच्या लोकांना तो एका सभेत समजला होता.

यानंतर तलवाडा. १० ऑक्टोबर १९४५च्या सुमारास गावोगाव निरोप फिरला की गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी काठ्या-कोयते घेऊन यावे. निरोप खोटा होता. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा प्रकार लिहिला आहे. प्रचंड जमाव लोटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मेले. ज्यांना संपाने हरवता येईना, त्यांना हिंसेच्या मैदानात ओढून आणण्याचा हा डाव होता. कारण त्या मैदानावर बंदूकवाल्याचाच जय ठरलेला. गोळीबारानंतरही लोकांनी संप सोडला नाही, म्हणून चळवळ टिकली.

अफवा आणि हिंसा यांचे हे नाते जुने झाले म्हणावे, तर १६ एप्रिल २०२०ची रात्र आठवते. टाळेबंदीत मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरली होती आणि गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा चालक यांना ठार मारले. तोही आमचाच जिल्हा. त्यानंतर कित्येक दिवस पालघरचे नाव सांगायला मला संकोच वाटत होता. आदिवासी भोळा म्हणून अहिंसक, अशी जी एक गोड समजूत शहरात आहे, ती तिथे मोडली, आणि ती मोडायलाच हवी होती. अहिंसा स्वभावातून येत नाही. ती शिकवावी लागते, संघटनेच्या शिस्तीने सांभाळावी लागते. १९४५ सालीच ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुलांना न मारता शिकवण्याचा हा प्रयोग मी याच विषयात धरतो. रवांडात १९९४ साली रेडिओवरून द्वेष पेरला गेला आणि शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसे कापली गेली. जगाची शांतता बिघडते ती पुष्कळदा अशी, खोट्या निरोपापासून.

आता मर्यादा. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ चळवळी तपासल्या. अहिंसक चळवळींपैकी ५३ टक्के यशस्वी ठरल्या, सशस्त्र फक्त २६ टक्के. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो. पण चेनोवेथ यांनीच पुढे नोंदवले आहे की २०१० नंतर अहिंसक चळवळींचे यश ३४ टक्क्यांच्याही खाली आले. सशस्त्र लढ्यांचे तर ८ टक्क्यांवर. दोन्ही मार्ग कठीण झाले, तुलनेत अहिंसेचा कमी तोट्याचा, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. शिवाय हे आकडे जुलमी सत्तेविरुद्धच्या लढ्यांचे आहेत. आकाशातून येणाऱ्या क्षेपणास्त्राला संप कसा करणार, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याचा आपल्या श्रमावाचून काहीच अडत नाही, त्याच्यापुढे नकार दुबळा पडतो.

मासवणपासून तारापूर दूर नाही. तिथल्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९पासून चालल्या, अमेरिकेच्या इंधनावर. १८ मे १९७४ला पोखरणचा स्फोट झाला, अमेरिकेत १९७८ला नवा कायदा आला आणि इंधन आटले. पुढे ते फ्रान्सने दिले. आमच्या घरातल्या दिव्याचा संबंध परक्या देशाच्या भीतीशी आहे, हे मला त्यावरून पहिल्यांदा कळले. एका राष्ट्राला दुसऱ्याचा विश्वास वाटत नाही, म्हणून निरीक्षक येतात, मोहरा लागतात, हिशेब ठेवले जातात. हा रुक्ष कारभार कुणी अहिंसा म्हणून ओळखत नाही. मला मात्र तो झरीच्या शपथेइतकाच जवळचा वाटतो, कारण दोन्हीकडे शब्द पाळण्यावरच सगळे उभे आहे.

दर १४ ऑगस्टला मी पालघरला जातो. हुतात्मा स्तंभापाशी शाळांची मुले रांगेत उभी असतात, पावसाने भिजलेली. यंदा एका मुलाने मला विचारले, “आजोबा, त्यांच्याकडे बंदुका का नव्हत्या?” मी त्याला झरीची गोष्ट सांगायला लागलो, तेवढ्यात त्यांच्या बाईंनी रांग पुढे नेली.